पोरखान्यातला हाऊ

उमरग्याच्या बाजारात, बंडप्पाच्या तपकिरीच्या दुकानापुढं, उत्तरेश्वरचा हात नाकाच्या वाटेवर अर्ध्यातच थांबला. चिमटीत चांगली मुरलेली तपकीर होती, नाकपुडी तयारीत फुगली होती, डोळे आधीच ओले झाले होते. म्हणजे शिंक अंगणात आली होती आणि उंबऱ्याशी अडली. झालं होतं इतकंच, की मिरच्यांचे ढीग आणि दोरखंडवाला यांच्या मधल्या जागेत एका गारुड्यानं टोपली टेकवली, झाकण उचललं, आणि आळंदकडची एक कानडी बाई कडेवरच्या पोरासकट मागं उडाली. "अय्यय्यो, हावु!" ती ओरडली. कडेवरचं पोर मात्र भ्यालं नाही. खुळखुळा मिळाल्यासारखं ते टाळ्या पिटत म्हणायला लागलं, हावु, हावु. ओठ पुढं काढून, शेवटी जराशी फुंकर मारल्यासारखं. उत्तरेश्वरच्या कानाला हा आवाज ओळखीचा होता. गेले कितीतरी दिवस तो रोज ऐकत होता.

"काय म्हणली वो ती बाई?" त्यानं बंडप्पाला विचारलं.

"हावु म्हणली. दुसरं काय म्हणंल? सापच हाय की त्यो."

"हावु मंजी?"

"मंजी साप." बंडप्पानं डब्याचं झाकण लावलं आणि मान वाकडी करून म्हाताऱ्याकडं बघितलं. "का वो तात्या? बिदरच्या किल्ल्यात घोड्यास्नी चंदी घालत हुतो म्हणून सांगताव. तितली घोडी कानडीत खिंकाळायची म्हणताव. मग साप बघितल्यावर ती घोडी काय मराठीत वरडायची व्हय?"

दुकानापुढची माणसं हसली. उत्तरेश्वरच्या जिभेला उत्तर सुचलं नाही असा प्रसंग तेरमध्ये किंवा उमरग्यात कुणी पाहिला नव्हता. माझ्या नावातच उत्तर हाय, असं तो स्वतःच सांगत हिंडायचा.  आज तो वळला आणि चालायला लागला. बंडप्पा मागून म्हणाला, "आरं, रुसला का काय म्हातारा?" तेही त्यानं ऐकलं, पण ते दुसऱ्या कुणाला उद्देशून म्हटल्यासारखं वाटलं.

तो धावला नाही. धावावंसं पायांना वाटत होतं, पण भर बाजारात धोतर सावरत धावणारा म्हातारा बघून कुणीतरी विचारलंच असतं, तात्या, कुणीकडं? मग काहीतरी सांगावं लागलं असतं. म्हणून तो भराभर चालत होता, ओळखीच्या माणसांना मान हलवत, बैलांची शिंगं चुकवत. आणि आपण धावत नाही आहोत, लोकांच्या नजरेपायी धावत नाही आहोत, हे त्याला चालता चालताच कळत होतं. पोरं तिथं होती. त्या भिंतीच्या आत. पाठीमागच्या कोपऱ्यातल्या भोकापासून हातभर लांब, घोंगडीवर. आणि तो बाजारात होता, कारण तपकीर संपली होती.

ते पोरं ठेवायचं ठिकाण म्हणजे पोरखाना. दवाखाना, कारखाना, कैदखाना, तसा पोरखाना. हा शब्द उत्तरेश्वरनंच काढला होता, आणि मुनीम महालिंगप्पाला तो इतका आवडला की त्यानं तो दारावर उर्दूत रंगवून घेतला. शिवलिंगप्पा सावकारांचं जिनिंग हैदराबादच्या सडकेला लागून होतं. जर्मनची लढाई चालू होती, कापसाला कधी नव्हे ती मागणी होती, आणि बायका सकाळपासून कापूस निवडायला बसायच्या ते दिवेलागणीलाच उठायच्या. पोरं त्यांच्याजवळच, ढिगावर, पट्ट्यांच्या खडखडाटात. एकदा एक निजलेलं पोर कापसाच्या ढिगात दिसेनासं झालं. सापडलं, जिवंत सापडलं. पण शोधेपर्यंत यंत्रं बंद ठेवावी लागली आणि शिवलिंगप्पांना लई वाईट वाटलं. यंत्रांचं. त्यातच हैदराबादेहून मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, कुणी साहेब येणार अशी हूल उठली. मग सरकीचं एक जुनं कोठार रिकामं झालं, सारवून घेतलं, आणि पोरं सांभाळायला कोण, असा सवाल आला. बाई लावावी तर कापसाची एक निवडणारी कमी होणार. राहिला हा म्हातारा, जो तेरहून भाच्याकडं आला होता आणि दिवसभर जिनिंगच्या फाटकाशी बसून गाडीवानांना थापा सांगत होता. महालिंगप्पानं विचारलं, "बायका निम्म्या कानडी हायत. कानडी येतं का?" तेव्हा उत्तरेश्वरनं बिदरची घोडी काढली. खरं म्हणजे बिदर त्यानं लांबूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. त्याला येत होतं ते बा, म्हणजे ये; कूड, म्हणजे बस; ऊटा, म्हणजे जेवण; आणि हौदु, म्हणजे होय. यातलं हौदु सगळ्यात कामाचं. कुणी काहीही बोललं, की मान डोलवून म्हणायचं, हौदु, हौदु. बोलणारा खूश होऊन पुढं जातो. माणसाला आपलं ऐकलं गेलं एवढंच हवं असतं, कळलं की नाही हे कोण बघतो, असा त्याचा जन्मभराचा अनुभव होता. तेरमध्ये त्यानं याच अनुभवावर दिवस काढले. तेरणेच्या डोहातल्या माशानं तांब्याची घागर गिळली आणि पुढच्या साली तीच घागर भरून पाणी आणून दिलं. जुन्या गावठाणाच्या पांढरीत खणताना सापडलेल्या मातीच्या बाहुलीनं आपल्याकडं बघून डोळा मारला. लोक ऐकायचे, हसायचे. मग एक दिवस त्या थापा गावाला पाठ झाल्या, लहान पोरंसुद्धा शेवट आधीच सांगायला लागली, आणि त्याला कळलं की आता दुसरं गाव बघायला हवं.

मशिदीच्या वळणाशी ऊन एकदम अंगावर आलं. शिमग्याच्या आधीचे दिवस. सकाळी गारवा, आणि दुपारी भिंती तापायला लागतात, भिंतींच्या आत जे काही थंडीत गपगार पडलेलं असतं ते हलायला लागतं. हे त्याला माहीत होतं. खेड्यात जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या अंगठ्यात आणि बोटात तपकीर अजून तशीच होती, घट्ट दाबलेली. ती टाकून द्यावी हे त्याला सुचलं नाही.

पोरं सांभाळायला मात्र त्याला येत होतं. हे आठवून त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली. पहिल्याच आठवड्यात त्यानं गाडीवानांकडून बैलांच्या गळ्यातली जुनी घुंगरं मागून आणली आणि प्रत्येक रांगत्या-चालत्या पोराच्या पायात एकेक बांधलं. दोन घुंगरांचा आवाज कधी सारखा नसतो. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून बसायचा, बायकांना वाटायचं म्हातारा पेंगतोय. पण कुठलं पोर दाराकडं निघालंय, कुठलं माती खायला कोपऱ्यात बसलंय, हे तो डोळे न उघडता सांगायचा. झोळ्यांच्या दोऱ्या रोज ओढून बघायचा. कुणी खोकलं तर कापसाची धूळ आत येऊ नये म्हणून दाराला ओलं फडकं लावायचा. त्याच्या आयुष्यात इतकं खरं काम त्याच्या हातून दुसरं कुठलं झालं नव्हतं. फक्त मागचं दार त्याला छळत होतं. त्या दाराला कडी नव्हती. बाहेर पडलं की चार पावलांवर यंत्राचे पट्टे फिरत होते, आणि मुनिमाला सांगून सांगून जीभ झिजली तरी कडी येत नव्हती. तेव्हा त्यानं कडीच्या जागी हाऊ बसवला. त्या दाराजवळच्या कोपऱ्यात, मातीच्या भिंतीला, खाली एक भोक होतं. त्यात हाऊ राहतो, त्यानं पोरांना सांगितलं. हाऊला पाय न्हायत, कान न्हायत, निसतं त्वांड. जवळ गेलं की पायाच्या अंगठ्यापासनं गिळतो. पोरं मागच्या दाराकडं फिरकेनाशी झाली. आणि गोष्ट एकदा उभी राहिली की तिला दागिने घालायची त्याची खोड. म्हणून हाऊला भूक लागू नये यासाठी जेवताना प्रत्येकानं भाकरीचा एक तुकडा लांबूनच भोकाकडं फेकायचा, असा रिवाज त्यानं घातला. तुकडे दुसऱ्या दिवशी नसायचे. पोरं डोळे मोठे करून बघायची. त्यालाही गंमत वाटायची. उंदीर खात असतील, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

उंदीर. तो चालता चालता थांबला. मागून येणारा एक गाडीवान "हो, हो, बाजूला व्हा" म्हणून ओरडला, तसा तो परत चालायला लागला. भाकरीला उंदीर येतात. आणि उंदरांना काय येतं? इतके दिवस, रोज, पोरांच्या हातून तुकडा तुकडा टाकून, आपण त्याला बोलावत होतो. तेरच्या डोहातला मासा, डोळा मारणारी बाहुली, सगळ्या थापा वाऱ्यावर गेल्या होत्या. एकच खरी झाली, आणि तीही पोरांच्या खोलीत.

कापूस निवडणाऱ्या शांताक्काची गिरजी आली ती दिवाळीनंतर. शांताक्का उमरग्याच्याही पलीकडली, घरात सगळं कानडी. स्वतः मराठी चांगलं बोलायची, पण पोरीला मराठीचा गंध नव्हता. चारेक वर्षांची, मोठ्या कपाळाची, कपाळावर विभूती ओढलेली, काखेत धाकट्या भावाला धरून आलेली, आणि तो रांगता भाऊ तिच्यापेक्षा फार लहान दिसत नव्हता. आल्यापासून बोलली नाही. आणि मग एका दुपारी कोपऱ्याकडं बोट करून म्हणाली, "अज्जा, अल्लि हावु अद." उत्तरेश्वरला कोण आनंद झाला! म्हणजे तिनं ऐकलं होतं. म्हणजे आपला हाऊ मराठीची शीव ओलांडून कानडीत गेला होता. "हौदु, हौदु!" तो टाळी वाजवून म्हणाला, "हाऊ अद! मोठ्ठा हाऊ अद!" दुपारच्या सुट्टीत त्यानं ते सगळ्या बायकांना सांगितलं, मिरच्या-मसाला लावून. बायका हसल्या. शांताक्काही हसली. दुसऱ्या दिवशी गिरजी पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्याची बाही ओढून म्हणाली, लांबलचक काहीतरी, त्यात हावु दोनदा आला, आणि हात असा, असा वळवून दाखवला. तो हौदु म्हणाला. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आता, या घडीला, नाक्याजवळच्या धुळीत चालताना, तिचं ते बघणं त्याला पहिल्यांदा दिसलं. तेव्हा तो आपलंच हसणं ऐकत होता.

त्यानंतर ती रडायला लागली. कोपऱ्याकडं पाठ करून बसायची नाही. निजायची नाही. भावाच्या पायातलं घुंगरू मुठीत धरून ठेवायची, त्याला हलू द्यायची नाही, मग तोही रडायचा, मग सगळा पोरखाना. महालिंगप्पा दारात येऊन म्हणाला, "अवो, मुआयन्याला सायेब आल्यावर हे असंच रडगाणं ऐकवायचं का त्येस्नी? काय तरी इंतजाम करा." त्यावर उत्तरेश्वर म्हणाला, "मुनीमजी, उद्याच्या उद्या भ्या मोडतो तिचं." आणि काल त्यानं ते मोडलं.

इथं त्याचं मन वाट सोडून पळायला बघत होतं. त्यानं ते धरून आणलं. काल दुपारी त्यानं गिरजीला उचललं, कोपऱ्यात नेलं, भोकापुढं बसवलं. बाकीची पोरं बघत होती. तो म्हणाला, "बग, काय न्हाय. भिऊ नगं." तिचा उजवा हात त्यानं मनगटाशी धरला आणि भोकात घातला. हात आधी ताठ होता, वाळल्या काटकीसारखा. कोपरापर्यंत आत गेला तेव्हा तो एकाएकी सैल पडला, त्यात जणू हाडच राहिलं नाही. ती ओरडली नाही. याचंच त्याला काल कौतुक वाटलं होतं. ती तोंडानं श्वास घेत होती, डोळे घट्ट मिटून, आणि तो मोठ्यानं म्हणत होता, बग, बग, हाय का हाऊ? न्हाय. मग त्यानं हात बाहेर काढला, त्यावरची माती पुसली, आणि ती त्या दिवशी पुन्हा रडली नाही. तो मुनिमाला जाऊन म्हणाला, "मोडलं." काल रात्री जेवताना भाच्यालाही सांगितलं.

आणि स्वतःचा हात का नाही घातला? हा प्रश्न काल कुणी विचारला नाही. विचारला असता तर त्याच्यापाशी उत्तर तयार होतं, माझा हात माईल का त्यात. पण हात मावला असता. त्याचा हात वाळलेला, मनगट बाभळीच्या फांदीएवढं. भोकात दोन हात मावले असते. त्यानं तिथं वाकल्यावर एक वास घेतला होता, थंड, शिळ्या काकडीसारखा. तपकिरीनं बधिर झालेल्या नाकालाही तो लागला होता. म्हणजे काय, त्याला माहीत होतं का? नव्हतं. देवाशपथ नव्हतं. फक्त पुढं जो हात करायचा तो आपला नसावा, एवढं कुठंतरी खाली, पोटाच्या बुडाशी, माहीत होतं. 

नाका मागं पडला, रस्त्यावर माणसं उरली नाहीत, आणि तो धावायला लागला. धावतानाच त्याच्या ध्यानात आलं की डोक्यात काहीतरी फिरतंय, जिनिंगच्या पट्ट्यासारखं, आपोआप. दारातनंच वरडायचं: साप! म्या बघितला! काळा, फडा हातभर, दहाचा आकडा लखलखीत. काठीनं अडवून धरला... काठी कुठाय? फाटकाजवळची घ्यायची. सकाळपासनंच मला वास येत हुता, म्हणायचं... गोष्ट उभी राहत होती. हात, पाय, नाक, डोळे, सगळं जागच्या जागी येत होतं, आणि त्यात एक म्हातारा पोरांच्या पुढं काठी घेऊन उभा होता. पोरं तिकडं जिवंत आहेत की नाहीत याचा पत्ता नाही, आणि याचा पट्टा चालूच. त्यानं खरोखरच आपल्या तोंडावर मारून घेतलं. थोडी तपकीर डोळ्यात गेली.

फाटकातून आत शिरल्यावर तो उभा राहिला आणि त्यानं कान दिले. यंत्रांचा खडखडाट होता. त्याच्या खालून, पातळ, घुंगरं ऐकू यायला हवी होती. या वेळेला पोरं जेवून उठतात, घुंगरांचा नुसता पाऊस पडतो. एकही वाजत नव्हतं.  पोरखान्याच्या दारात पाणी भरणारी कडूबाई घागर उपडी घालून तिच्यावर बसली होती. तिलाच तो लक्ष ठेवायला सांगून गेला होता.

"आलाव का? तपकीर आणाय हैदराबादला गेल्ता व्हय?" ती म्हणाली. "पोरं बगा कशी देवावानी बसल्यात. तुमी असल्यावर निसता शिमगा."

त्यानं तिला बाजूला केलं. आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग पोरं दिसली. सगळी दाराच्या बाजूच्या भिंतीला चिकटून, एकमेकांच्या अंगावर रचल्यासारखी बसली होती. आणि त्यांच्यापुढं गिरजी, कोपऱ्याकडं तोंड करून, दोन्ही हात पसरून. रांगता भाऊ तिच्या पाठीला टेकलेला. "हाऊ भाईर आल्ता," एक पोरगं कुजबुजलं. "गिरजी म्हणली, हालू नगासा." भोकापाशी कालचे-आजचे भाकरीचे तुकडे पडले होते, आणि त्यांच्यामधून जमिनीच्या सारवणावर एक गुळगुळीत रेघ, आत वळलेली. पावलांची चाहूल लागून गिरजी मागं वळली. त्याला बघूनही तिचे हात तसेच पसरलेले राहिले. त्यानं भावाला उचलायला हात घातला तर तिनं पोराचा पाय धरला आणि सोडला नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागली. भ्यालीय लेकरू, तो मनाशी म्हणाला. एकेक, दोन-दोन करत त्यानं सगळी पोरं बाहेर कडूबाईच्या हातात दिली, सगळ्यात शेवटी गिरजीला, आणि मग त्याला आवाज फुटला. "साप! साप हाय वो!"

पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं. गाडीवान पहारी घेऊन आले, कुणी गोडेतेलाचा रिकामा डबा आणला. यंत्रं थांबली. बायका कापसानं माखलेल्या, भुवयांवर पांढरं, ओरडत आल्या आणि आपापलं पोर हुडकून छातीशी धरून तपासायला लागल्या, अंगठे, बोटं, टाचा. मारू नका, नागप्पा हाय, असं शिवलिंगप्पांनी सांगून पाठवलं होतं. भिंत फोडली तेव्हा आत उंदरांची घरटी निघाली, मऊ कापसाची, आणि त्यात सुकलेल्या भाकरीचे तुकडे, लहान लहान दातांनी कुरतडलेले; त्याच्या आतल्या बाजूला तो होता, पोट भरलेला, सुस्त, मनगटाएवढा जाड. डब्यात घालून त्याला ओढ्यापलीकडं नेलं. शांताक्का गिरजीला खाली ठेवायला तयार नव्हती; मग धाकटा रडायला लागला, म्हणून तिनं त्याला घेतलं आणि गिरजी तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली.

"तात्या," महालिंगप्पा घाम पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज तुमी नसताव तर काय झालं असतं! कसा काय सुगावा लागला तुमास्नी?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. गाडीवान, बायका, हातातल्या पहारी. गोष्ट सांगायला इतकी चांगली माणसं त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. जिभेवर ती तयार होती. "म्या सकाळपासनंच..." त्यानं सुरुवात केली, आणि त्याला आपलाच आवाज ऐकू आला, तो जुना, गोड केलेला. तो थांबला. "मला सुगावा न्हाय लागला," तो म्हणाला. "पोरगी सांगत हुती. लई दिवस सांगत हुती. मला कळलंच न्हाय. मला कानडी येत न्हाय."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळ्या बायका हसल्या. भ्यालेली माणसं हसतात तसं, थांबता न येणारं.

"ते ठावं हाय की, अज्जा," शांताक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली. "परवा मला ऊटा माडबेड म्हणलाव. जेवू नगस म्हणलाव. जेवलीस का, इचारायचं हुतं तुमास्नी. दिवसभर आमी हसत हुताव. तुमी बिदरला गेला न्हाय, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"मग पोरं का ठिवलीस माझ्यापाशी?"

"कानडी ऐकाय का कुणी पोरं ठिवतंय? तुमी घुंगरं बांधताव. म्हणून ठिवली." ती हसता हसता थांबली. धाकट्याला तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "घरी बी हावु हावु करत हुती बगा. म्या म्हणलं, अज्जाचा हाऊच बोलतीया. कानडी माणूस म्या, आन म्याबी हसले. म्या इचारलं, अज्जाला सांगितलंस का गं? तर म्हणली, सांगितलं. अज्जाला समदं कळतंय. अज्जा हौदु म्हणला."

बायकांचं हसणं चालूच होतं, पण ते आता लांब गेलं, ओढ्यापलीकडं. म्हणजे सगळ्या उमरग्यात त्याची कानडीची थाप एकाच माणसाला खरी वाटली होती. तिनं त्याला सांगितलं, तिथं साप आहे. तो म्हणाला, होय. तिनं हातानं वळवून दाखवलं. तो म्हणाला, होय होय, मोठ्ठा आहे. आणि हसला. आणि मग सगळं कळत असलेल्या त्या अज्जानं तिला उचललं, तिथं नेलं, आणि तिचा हात धरून आत घातला. त्याचं "बग, काय न्हाय" तिला कुठं कळत होतं? तिला एवढंच कळलं होतं की याला ठाऊक आहे. आणि तरी ती आज सकाळी आली होती, आईनं सोडलं तिथं बसली होती, रडली नव्हती. मघाशी ती वळली तेव्हा तिचे हात पसरलेलेच राहिले होते. भ्यालीय लेकरू, असं त्याला वाटलं होतं. ती पोरांना कोपऱ्याकडून राखत होती, आणि मग तो आत आला, तेव्हा दाराकडूनही.

त्याला तिच्याजवळ जायचं होतं. काहीतरी सांगायचं होतं, आणि त्याच्यापाशी चार शब्द होते, त्यातला सगळ्यात कामाचा शब्द आता तोंडातून निघाला नसता. तो पुढं झाला, वाकला. तिच्या डोक्यावरून फिरवावा म्हणून त्यानं हात उचलला. अंगठ्याला आणि बोटाला तपकिरीचा काळा डाग अजून होता.

गिरजीनं त्या हाताकडं बघितलं. मग वर, आईच्या खांद्यावर पेंगायला लागलेल्या भावाकडं बघितलं. तिनं लुगडं सोडलं, त्या दोघांच्या आणि म्हाताऱ्याच्या मध्ये येऊन उभी राहिली, डोळे घट्ट मिटले, आणि आपला उजवा हात, मनगटाशी धरायला सोपा जाईल असा, त्याच्यापुढं केला.